ठाणे खाडी, उपग्रह आणि तिथी : प्रकल्प नोंदी

२४ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आजपासून नोंदी ठेवायला सुरुवात करतेय. प्रकल्प असा की ठाणे खाडीचं पाणी सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहांच्या चित्रांतनं किती समजतं ते बघायचं. ऐरोली पुलापासून खाली वाशी पुलापर्यंतचा पट्टा घेतलाय, २०१८ पासूनची ढग नसलेली सगळी चित्रं काढायची आणि गढूळपणा आणि क्लोरोफिल (शेवाळातलं हिरवं द्रव्य) या दोन गोष्टींची सलग मालिका बनवायची. बाटलीत भरलेले नमुने ठरावीक जागांचे आणि ठरावीक दिवसांचे असतात, मधल्या जागेत काय चाललंय आणि मधल्या आठवड्यांत काय झालं हे त्यातनं कळत नाही, ती फट उपग्रह भरून काढेल का हा आमचा प्रश्न.

पद्धत आमची नवीन नाही. समुद्राला जोडलेली जी मोठी खारी सरोवरं आहेत, लगून म्हणतात ती, तिथे हे काम कधीपासून चालू आहे. ओडिशातलं चिल्का, केरळातलं वेंबनाड, बाहेर व्हेनिसचं लगून, स्पेनमधलं मार मेनोर. मार मेनोरचं पाणी २०१६ ला शेतातल्या खतांमुळे पार हिरवं झालं होतं, तो हिरवेपणा वरनं स्पष्ट दिसत होता. वेंबनाडवर २०२० च्या लॉकडाऊनमधे लँडसॅट-८ या अमेरिकन उपग्रहाची चित्रं लावून अभ्यास झाला, तरंगता गाळ सरासरी १५.९ टक्के कमी झालेला दिसला. तो पेपर वाचल्यापासनंच डोक्यात होतं की आपल्या खाडीवर हे करून बघायला पाहिजे.

ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ ला रामसर यादीतही, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आली. एवढा मोठा मान मिळालेलं पाणी आहे, तर त्याची नीट सलग मोजणी असायलाच हवी असं मला मनापासनं वाटतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

चित्रं उतरवून घेतोय. उपग्रहाची चित्रं ठरावीक चौकोनांत कापलेली मिळतात, त्यांना टाइल म्हणतात, आपला भाग टाइल ४३क्यूबीबी मधे येतो. उपग्रहांचं थोडक्यात लिहून ठेवते म्हणजे नंतर येणाऱ्या पोरांना उपयोग होईल. सेंटिनेल-२ए जून २०१५ ला गेला, २बी मार्च २०१७ ला, दोन मिळून दर पाच दिवसांनी एक चित्र. सप्टेंबर २०२४ ला २सी गेला. कॅमेऱ्यात १३ पट्टे आहेत, म्हणजे उजेडाच्या १३ वेगवेगळ्या तरंगलांब्या, काहींचा पिक्सेल १० मीटरचा, काहींचा २०, काहींचा ६०. इस्रोचा ओशनसॅट-३ (नोव्हेंबर २०२२) खास समुद्राच्या रंगासाठीच आहे पण त्याचा पिक्सेल साधारण ३६० मीटरचा, आणि युरोपचा सेंटिनेल-३ घेतला तर ३०० मीटरचा. ऐरोलीच्या बाजूला खाडी इतकी चिंचोळी आहे की एका पिक्सेलमधे पाणी, चिखल आणि कांदळवन तिन्ही येतात, मग तो पिक्सेल कशाचा म्हणायचा? म्हणून सेंटिनेल-२. तो मुळात जमिनीसाठी बनवलेला आहे, पाण्यावरनं येणारा सिग्नल अगदी कमी असतो त्यामुळे आकडे थोडे खरबरीत येतात, ते मान्य करूनच पुढे जायचं.

एक महत्त्वाची गोष्ट. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपियन स्पेस एजन्सीने चित्रातल्या आकड्यांमधे १००० मिळवायला सुरुवात केली. कारण बरोबर आहे, काळ्या पाण्यावर हवेची दुरुस्ती (मधल्या हवेचा उजेड वजा करणं) केली की आकडे कधीकधी शून्याच्या खाली जातात आणि पूर्वी ते कापले जायचे, आता जपले जातात. पण जुनी आणि नवी चित्रं एकत्र लावताना ते १००० वजा करावेच लागतात. नाहीतर परावर्तन, म्हणजे परत फिरणाऱ्या उजेडाचं प्रमाण, ०.१ ने वाढलेलं दिसतं, आणि पाण्याचं परावर्तनच मुळात तेवढ्याच घरातलं असतं. म्हणजे जानेवारी २०२२ ला खाडी एका रात्रीत बिघडली असा आलेख येईल. गूगलच्या अर्थ इंजिनवर ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संच आहे त्यात हे आधीच वजा केलेलं असतं. आम्ही मूळ चित्रं घेतोय त्यामुळे आमच्या कोडमधे तारीख बघून वजा होतंय.

७ डिसेंबर, रविवार

हवेची दुरुस्ती. उपग्रहापर्यंत जो उजेड पोचतो त्यातला बहुतेक हवेनेच उधळलेला असतो, पाण्यातनं वर आलेला अगदी थोडा, आणि डिसेंबरात मुंबईची हवा कशी असते ते सांगायला नको, मुलुंडच्या गच्चीवरनं समोरचं ऐरोली धुरकट दिसतं. खोल निळ्या समुद्रासाठी जुनी युक्ती अशी की जवळच्या इन्फ्रारेडमधे पाणी काळंच असणार असं धरायचं आणि तिथे जो काही उजेड दिसेल तो सगळा हवेचा समजून वजा करायचा. आपल्या खाडीत ते चालत नाही. गाळ इतका असतो की इन्फ्रारेडमधेही पाणी चमकतं, मग तो गाळाचा उजेड हवेचा समजून वजा होतो आणि पाणी स्वच्छ दिसायला लागतं. म्हणून अजून लांबच्या तरंगलांबीला जायचं, १६१० आणि २१९० नॅनोमीटर, तिथे गढूळ पाणीसुद्धा उजेड पिऊन टाकतं. बेल्जियममधे बनवलेलं अकोलाइट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते चित्रातले सगळ्यात काळे ठिपके स्वतः शोधून त्यावरनं हवा ठरवतं, गढूळ किनाऱ्यांसाठी लोक तेच वापरतात. आम्ही पण तेच घेतलं.

पाणी कुठे आणि चिखल कुठे हे ठरवायलाही १६१० चाच पट्टा. ओला चिखल आणि गढूळ पाणी नुसत्या डोळ्याला चित्रात सारखेच दिसतात, १६१० ला मात्र चिखल उजळ राहतो. काठचा एक-दोन पिक्सेलचा पट्टा सरळ काढून टाकला कारण कांदळवनाचा हिरवा उजेड शेजारच्या पाण्यात सांडतो. पुलांच्या सावल्याही काढल्या.

काल एका चित्रात वाशीच्या बाजूला पाण्यावर निळा, हिरवा, लाल असे तीन ठिपके ओळीत दिसले. विमान आहे ते. प्रत्येक पट्टा क्षणभर मागेपुढे टिपला जातो, तेवढ्यात विमान पुढे सरकतं. फारच सुंदर दिसतं पण आमच्या मोजणीत ते प्रदूषणाचा पुंजका म्हणून घुसू शकतं, म्हणून तेही बाद.

१४ डिसेंबर, रविवार

सूत्रं चढवली. गढूळपणासाठी लाल पट्टा (६६५) आणि इन्फ्रारेड (८६५) दोन्ही घ्यावे लागतात. पाणी थोडं गढूळ असेल तोवर लाल पट्टा छान चालतो, खूप गाळ झाला की तो भरून जातो, वाढतच नाही, तिथे इन्फ्रारेड कामाला येतो. २०१५ ला आलेल्या एका पद्धतीत लाल परावर्तन ०.०५ च्या खाली असेल तर लाल, ०.०७ च्या वर गेलं की इन्फ्रारेड, मधे दोघांचं मिश्रण. आपल्या खाडीत बऱ्याचदा दुसऱ्या बाजूलाच असतो आपण. क्लोरोफिलसाठी ७०५ आणि ६६५ ची वजाबाकी भागिले बेरीज. ६६५ च्या आसपास क्लोरोफिल उजेड शोषून घेतं आणि ७०५ ला शेवाळाच्या पाण्याचा एक छोटा उंचवटा येतो. गढूळ पाण्यात निळ्या-हिरव्यावर बेतलेली समुद्राची सूत्रं फसतात, हे बरंच टिकतं.

तेच कोड आधी चिल्कावर चालवून बघितलं. तिथे उत्तर भागात दया आणि भार्गवीसारख्या महानदीच्या फाट्यांचा गाळ येतो आणि दक्षिण भाग त्या मानाने नितळ असतो, तो फरक आमच्या नकाशात अगदी जसाच्या तसा आला. चांगलं वाटलं.

मग खाडीवर चालवलं आणि आलेख बघितला तर नुसते वर-खाली. पाच दिवसांत गढूळपणा कितीतरी वर, पुढच्या पाच दिवसांत खाली, परत वर. पाऊस नाही, पूर नाही, काही नाही. चिल्कात समुद्राच्या मुखापासून आत गेलं की भरतीचा जोर उरत नाही, तिथे वारा आणि नद्या काम करतात. आपल्याकडे मुंबई बंदरात मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं आणि खाडी पार ठाण्यापर्यंत आत गेलेली. भरतीचा हिशोब लावावा लागणार हे ठरलेलंच होतं, कसा लावायचा तो प्रश्न आहे. सर्व्हे ऑफ इंडियाची भरतीची कोष्टकं आहेत, अपोलो बंदरची नोंद तर १८७८ पासूनची. पण पाण्याची उंची हा एकच आकडा घेतला तर चढतं पाणी आणि उतरतं पाणी यातला फरक जातो, आणि खाडीसाठी तोच तर मुद्दा आहे. चढतं पाणी समुद्राकडचं, उतरतं पाणी ठाण्याकडचं.

२८ डिसेंबर, रविवार

आज ऐरोलीच्या बाजूला कोळीवाड्यात जाऊन आले, होडीचं ठरवायला. ज्यांची होडी आहे ते काका जन्मभर या खाडीत मासेमारी केलेले, बोय, निवट्या, चिंबोऱ्या, पूर्वी काय काय मिळायचं ते सगळं सांगत होते आणि मी लॅपटॉपवर चित्रं दाखवत होते. त्यांनी एका चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाले हे भांगाचं पाणी आहे. दुसऱ्यावर, हे उधाणाचं. उधाण म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासची मोठी भरती-ओहोटी, भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान. तारखा झाकलेल्या होत्या. चिखलाची कड कुठवर उघडी आहे एवढ्यावरनं ते सांगत होते.

मग विचारलं, “तुझा तो उपग्रह कवा येतो?”

म्हटलं, दर पाच दिवसांनी, सव्वाअकराच्या सुमाराला.

“दर वेळेला सव्वाअकरालाच?”

हो म्हटलं.

“मग त्याला उधाणाची भरती दिसणार नि भांगाची सुकती. उधाणाची सुकती कशी दिसंल गो बाय त्याला? ती तर सकाळी नि सांजच्याला सहाला असते.”

सुकती म्हणजे ओहोटीचं सगळ्यात खालचं पाणी. मी वहीत लिहायचं थांबले कारण हे इतकं सरळ आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा हिशोब आपल्या किनाऱ्यावर सगळ्यांना येतो. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाला भरती, दुपारी बाराच्या सुमाराला सुकती. आज अष्टमीच आहे, धक्क्यावर बारा वाजता चिखल उघडा होता. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. द्वितीयेला दीड. मुंबईत उधाणाची भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्री, भांगाची नेहमी सकाळ-संध्याकाळ. घड्याळाची वेळ आणि चंद्राची कला यांचं नातं पक्कं आहे. आणि उपग्रहाची कक्षा अशीच निवडलेली असते की तो प्रत्येक जागी सूर्याच्या त्याच वेळेला येईल. म्हणजे उपग्रहाची वेळ पक्की, भरतीची वेळ तिथीवर पक्की, तर मग चित्रात खाडी कुठल्या अवस्थेत असणार हे नुसत्या तिथीवरनं ठरतं!

ट्रेनमधे बसून वहीच्या मागच्या पानावर सगळं मांडलं :

पौर्णिमा-अमावस्या ते द्वितीया : जोराचं चढतं पाणी, जवळजवळ भरलेली खाडी.
तृतीया : निम्मी खाडी, पाणी चढतंय.
चतुर्थी-पंचमी : सुकती होऊन गेलेली, पाणी नुकतंच वळलेलं.
अष्टमी-नवमी : भांग, उतरतीचा शेवट, चिखल उघडा.
एकादशी : सव्वाआठला भरती होऊन तीन तास झालेले, पाणी खाली धावतंय.
त्रयोदशी-चतुर्दशी : भरती नुकतीच होऊन गेली किंवा होतेय.

मुखापेक्षा वर ठाण्याकडे भरती उशिरा पोचते, तेवढा फरक धरायचा.

३ जानेवारी २०२६, पौष पौर्णिमा

आता नोंदीतही तारखेबरोबर तिथी लिहिणार आहे. चित्रांच्या यादीत तिथीचा कॉलम घातला. पंचांग बघून नाही, सूर्य-चंद्रातलं अंतर अंशात काढून त्याला बाराने भागायचं, कोडच्या चार ओळी होतात. पूर्णांकातली तिथी न घेता दशांशात ठेवली कारण तिथी दिवसाच्या मधेच बदलते.

११ जानेवारी, पौष वद्य अष्टमी, रविवार

भांगाच्या सुकतीची फेरी. वनखात्याच्या कांदळवन कक्षाची परवानगी आधी घेतली होती, अभयारण्याच्या हद्दीत असं उठून जाता येत नाही.

सकाळी नऊला निघालो, पाणी उतरत होतं. सामान : सेकी तबकडी, गढूळपणाचं मीटर, खारेपणासाठी रिफ्रॅक्टोमीटर, काळ्या कागदात गुंडाळलेल्या बाटल्या आणि बर्फाची पेटी. क्लोरोफिलच्या बाटलीला ऊन लागून चालत नाही. सेकी तबकडी म्हणजे २० सेंटीमीटरची काळी-पांढरी थाळी, दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची. इतकं साधं साधन १८६५ पासून वापरात आहे आणि अजून त्याला तोड नाही. खाडीच्या मधल्या धारेत ती हातभर खाली गेल्यावर दिसेनाशी झाली, चिखलाच्या कडेला वीतभरातच.

मोबाइलवर हायड्रोकलर नावाचं अॅप आहे तेही वापरलं. आधी १८ टक्के राखाडी कार्डाचा फोटो, मग आकाशाचा, मग पाण्याचा. फोन खाली ४० अंशात धरायचा आणि सूर्याकडे पाठ करून जरा तिरकं उभं राहायचं, सूर्यापासून १३५ अंश, म्हणजे चमक पण येत नाही आणि होडीची सावली पण पडत नाही. होडी फिरते, कार्ड वाऱ्याने उडतं, काकांनी वल्हं रोवून होडी जागेवर धरून ठेवली तेव्हा कुठे नीट फोटो आले. सव्वाअकराच्या आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास एवढ्यातच जमतील तितक्या जागा घ्यायच्या. त्यापेक्षा उशीर झाला की ते पाणी उपग्रहाने पाहिलेलं पाणी राहत नाही.

एक गोष्ट जवळनं बघितली ती महत्त्वाची आहे. चिखलाच्या पाठीवर हिरवट-सोनेरी साय असते. हाताला बुळबुळीत, बोटाने ओढली की खाली करडा चिखल दिसतो. सूक्ष्म शेवाळ आहे ते, डायाटम वगैरे, आणि छोटे फ्लेमिंगो असल्याच सूक्ष्म शेवाळावर जगतात, चोच उलटी करून गाळून घेतात. उथळ पाण्याखालीही ही साय असते आणि वितभर पाण्यातनं तिचा रंग वर येतो. म्हणजे काठाजवळच्या पिक्सेलमधे जे क्लोरोफिल दिसतं त्यातलं किती पाण्यातलं आणि किती चिखलावरचं हे वरनं सांगता येत नाही. काठचा पट्टा काढून टाकायचा निर्णय बरोबर होता, आता तो अजून रुंद करतेय. उथळ भागाचं क्लोरोफिल आमच्या नकाशात रिकामं दिसेल, दिसू दे. खोटा हिरवा रंग भरण्यापेक्षा रिकामी जागा बरी.

१४ जानेवारी, पौष वद्य एकादशी, संक्रांत

मैत्रिणीने कॉलेजच्या लॅबमधे नमुने गाळले, क्लोरोफिलसाठी ९० टक्के अॅसिटोनमधे रात्रभर ठेवून ६६४ नॅनोमीटर आणि शेजारच्या तरंगलांब्यांवर वाचन घेतलं. तिळगूळ देऊन आकडे घेऊन आले. मधल्या धारेतल्या जागांवर गढूळपणा उपग्रहाशी चांगला जुळतोय. क्लोरोफिलचा क्रम जुळतो, म्हणजे कुठे जास्त कुठे कमी हे बरोबर येतं, पण प्रत्यक्ष आकडा देण्याइतका विश्वास नाही. तसं नकाशावर स्पष्ट लिहिणार.

१ फेब्रुवारी, माघ पौर्णिमा, रविवार

उधाणाची फेरी. तीच खाडी, त्याच जागा, पण ओळखू येत नव्हती. परवाचा सगळा चिखल पाण्याखाली, कांदळवनाच्या मुळांपर्यंत पाणी, आणि धार इतकी जोरात की सेकीची दोरी सरळ खाली जातच नव्हती, तिरकी जात होती. काकांनी वजन बांधून दिलं. पाणी दुधाच्या चहासारखं. तळाचा गाळ वर उचललेला स्पष्ट दिसत होता, भोवऱ्यासारखे पुंजके वर येऊन फुटत होते. मधल्या धारेतही तबकडी वीतभरातच गेली.

वास मात्र अष्टमीपेक्षा कमी होता. भरपूर ताजं समुद्राचं पाणी आत आलेलं. म्हणजे दिसायला जास्त घाण, प्रत्यक्षात जास्त धुतलेलं. उपग्रहाच्या नकाशात असा दिवस लालभडक येणार आणि बघणारा म्हणणार प्रदूषण वाढलं. गढूळपणा म्हणजे प्रदूषण नाही हे प्रत्येक नकाशाच्या खाली मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

आज सगळी मालिका तिथीच्या गटांत लावली. तारखेवार लावल्यावर जो आलेख नुसता थरथरत होता तो गटांत शांत झाला. उधाणाच्या गटात गढूळपणा जास्त, भांगाच्या गटात कमी, हे अगदी ठळक. कारण समजण्यासारखं आहे, उधाणाला धार जोरात, गाळ उचलला जातो, भांगाला धार मंदावते आणि गाळ खाली बसतो. क्लोरोफिल उलट, भांगाच्या गटात जास्त. पाणी नितळ असल्यामुळे उजेड आत जातो आणि पाणी जागच्या जागी जास्त वेळ राहतं, शेवाळाला दोन्ही फायद्याचं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो एकादशीचा गट. पाणी वरनं खाली येत असतं, म्हणजे ठाण्याकडचं, नाल्यांचं, सांडपाण्याचं पाणी आमच्या पट्ट्यातनं जात असतं. वर्षावर्षातला बदल बघायचा असेल तर एकादशीच्या चित्राशी एकादशीचंच चित्र लावायचं, महिनाही तोच घ्यायचा. चित्रं कमी उरतात, ढग आणि धुरकं काढलं की फारच कमी, पण जी उरतात ती एकमेकांशी बोलतात.

काकांचं दुसरं वाक्यही आकड्यांत तपासलं. उधाणाच्या मोठ्या सुकतीला जो चिखल उघडा पडतो, लांबलचक, जिथे संध्याकाळी हजारो पक्षी उतरतात, तो आमच्या एकाही चित्रात नाही. असू शकतच नाही. लँडसॅटही सकाळी अकराच्या आसपासच येतो, त्यालाही दिसत नाही. कोरियाने २०१० ला गोकी नावाचा कॅमेरा पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या उपग्रहावर बसवला, तो दिवसात आठ वेळा त्यांचा किनारा बघायचा, भरती-ओहोटी होत असताना. त्याचा पिक्सेल ५०० मीटरचा होता त्यामुळे आपल्या खाडीला तसाच्या तसा चालला नसता, पण तशी सोय आपल्या किनाऱ्यासाठी बारीक पिक्सेलची झाली तर काय काय कळेल!

८ मार्च, फाल्गुन वद्य पंचमी

एका ओळखीच्या गटात कुणीतरी खाडीची दोन चित्रं शेजारी-शेजारी लावून टाकली होती, एक डिसेंबरचं निळसर, एक फेब्रुवारीचं तपकिरी, खाली लिहिलेलं की दोन महिन्यांत खाडीची वाट लागली. मी तारखांच्या तिथ्या काढल्या. पहिली नवमी, दुसरी द्वितीया. शांतपणे तसं लिहून पाठवलं, आमचा गटवार आलेखही जोडला. कळकळ खरी आहे त्या माणसाची, आणि खाडीला त्रास आहे हेही खरंच आहे, म्हणूनच तर पुरावा असा हवा की समोरचा एका मिनिटात खोडून काढू शकणार नाही.

त्याच निमित्ताने उपग्रहाला काय दिसत नाही तेही इथे लिहून ठेवते. पाण्याचा रंग बदलणाऱ्या तीनच गोष्टी त्याला दिसतात : तरंगता गाळ, क्लोरोफिल, आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा विरघळलेला पिवळसर-तपकिरी अंश. विरघळलेला ऑक्सिजन दिसत नाही. अमोनिया दिसत नाही, जड धातू दिसत नाहीत, मैल्यातले जिवाणू दिसत नाहीत. मासे मरतात ते बऱ्याचदा ऑक्सिजन संपला म्हणून, आणि त्याचा रंग नसतो. कुणी म्हणालं की उपग्रह आहे तर बाटल्या भरायची गरज नाही, तर त्याला ठाम नाही म्हणायचं. उपग्रहाने कुठे आणि कधी बाटली भरायची ते सांगावं.

२१ मार्च, चैत्र शुद्ध तृतीया

एवढ्यात काम एका टप्प्याला आलंय. तिथीच्या कॉलमसकट चित्रांची यादी, कोड आणि गटवार नकाशे मागेल त्याला द्यायचे ठरलं. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात तारीख, तिथी आणि पाणी चढतं की उतरतं, या तीन गोष्टी नसतील तर तो नकाशा बाहेर जाणार नाही हा नियम केला. काकांचं नाव कामात घालू का विचारलं तर म्हणाले माझं नको, कोळीवाड्याचं घाल. तसं घालणार.

पुढे अडचणी आहेत. एप्रिल-मे मधे सूर्य डोक्यावर येतो आणि पाण्याची चमक थेट कॅमेऱ्यात जाते, बरीच चित्रं पांढरी होतील. जून ते सप्टेंबर ढग. खाडीत सगळ्यात जास्त पाणी आणि गाळ येतो तेच महिने आपल्याला दिसणार नाहीत. सेंटिनेल-१ चं रडार ढगातनं बघतं पण त्याला रंग कळत नाही, फक्त पाणी कुठवर पसरलं ते कळतं. तेवढं तरी पावसाळ्यात काढून ठेवायचं, कांदळवनाच्या कडेसाठी उपयोगी पडेल.

एकादशीच्या गटाची एकही फेरी अजून झालेली नाही आणि आम्हाला सगळ्यात जास्त भरवसा त्याच गटावर ठेवायचाय. एप्रिलमधे वद्य एकादशीच्या आसपास उपग्रहाचा दिवस कुठला पडतो ते वेळापत्रकात बघून काकांना कळवायचं. त्या फेरीत ऑक्सिजनचं मीटर पण न्यायचंय, मैत्रीण लॅबमधनं मिळतंय का बघतेय.